पंचवीस अकरे

केरीच्या पुढं, चोर्ल्याचा घाट जिथं चढायला लागतो,
तिथल्या एकशिक्षकी शाळेत मी आहे.
शिकवणारी मी, हजेरी मी, घंटाही मीच,
आणि कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला.

कपाटात खालच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा.
वर्गात सापडेल ते त्यात जायचं:
नवसोचे भोवरे, मुक्ताच्या फुटक्या काकणांचे तुकडे,
सायकलच्या ट्यूबची बेचकी,
खेळायच्या काजूबिया, चिठ्ठीवर मोजून लिहिलेल्या,
भाजून खाल्ल्या असा आळ नको.
वर्ष संपलं की ज्याचं त्याला परत.
या बाबतीत मी चोख. वाड्यावर कुणालाही विचारा.

धाकू वरकाकडून मात्र काढून घेण्याजोगं काही नसायचं.
धनगरवाड्यावरून दूध घालत घालत तो उतरायचा,
प्रार्थना संपता संपता पोचायचा,
आणि पाढा विचारला
की माझ्या मागच्या पालीकडे बघत उभा.
तेव्हा मी त्याची मधली सुट्टी घेतली.
त्याच्याजवळ तेवढीच होती.

उपाशी ठेवला नाही, हे आधी सांगते.
बचतगटाची पावभाजी त्याला आत द्यायचे.
सावकाश खायचा, पावानं ताटली पुसून काढायचा,
मग खिडकीचे गज.
बाहेर लाल मातीत, भिरणाच्या झाडाखाली,
त्याच्यावाचून डाव विषम पडायचा.
एकाला कुठंच घेता यायचं नाही,
तो नुसता चिऱ्यावर बसून राहायचा.
मुक्ता दारात यायची, माझ्याकडे बघायची, जायची.
मी वह्या तपासत असे.
आत तो होता, आत मीही होते,
पण शिक्षा त्याला होती, असा माझा समज.

सुट्टीनंतर त्याचे पाय बाकाखाली चालत राहायचे,
घराचं अर्धं अंतर तोडतील इतके.
त्यावरूनही मी ओरडले आहे.

एप्रिलात, शेवटच्या दिवशी, डबा उघडला.
भोवरे गेले, बेचकी गेली,
काकणांचे तुकडे मुक्तानं ओढणीत बांधले.
रांगेत शेवटी धाकू.
तुझं काही नाही रे यात, म्हटलं.
"हायत बाई. माज्या सुट्ट्या."
मी हसले. तो हसला नाही.
"अकरा हायत. पंचवीस मिन्टांची एक.
पंचवीस अकरे पावणेतीनशे."

ज्या पाढ्यापायी त्या गेल्या
तो त्यानं उभ्या उभ्या, एका दमात,
या वेळी पालीकडे न बघता म्हटला.

डब्याच्या तळाशी दोन काजूबिया राहिल्या होत्या.
त्या मी पुढं केल्या.
"त्या नवसोच्या," म्हणाला,
आणि डोंगर चढायला लागला.
जूनमध्ये तो मोर्लेच्या हायस्कुलात गेला, पाचवीला.

तेव्हापासून मधली सुट्टी संपवायला
मला पाच मिनिटं उशीर होतो.
आंब्याला टांगलेल्या लोखंडाखाली जाते,
टोला हातात घेते, उभी राहते.
पंचावन्न दिवसांत फिटायला हवं होतं.
पंचावन्न कधीच होऊन गेले.
फेड भलत्यांच्याच नावावर जमा होतेय, तेही कळतं.
ही नवी पोरं. यांचं मी कुठं काय घेतलंय?

परवा तपासणीला साहेब आले.
मनगटाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग मैदानाकडे.
"बाई, तुमच्या शाळेचं घड्याळ मागं आहे."
आहे, म्हटलं.
बरंच मागं आहे.
आणि टोला या हातातून त्या हातात घेतला.